हिराताईचा रुसवा

हिराताईने मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "नवरा कुठाय?"

मी नुकतीच शहापुरात राहायला आले होते. एसटी स्टँडच्या मागे एक बैठी चाळ आहे, तिथली एक खोली भाड्याने घेतली होती आणि सामानाची खोकी अजून तशीच पडली होती. दारात एक बाई येऊन उभी राहिली. ठेंगणी, अंगाने भरलेली, साडीचा घोळ वर खोचलेला. एका हातात तांदळाची पिशवी आणि दुसऱ्या हातात माझ्याच दाराची कडी.

"नाशिकला असतात," मी म्हटलं. "नोकरी तिकडे आहे. शनिवारी येतात."

"आनी?"

"सोमवारी सकाळी जातात."

तिने पिशवी खाली ठेवली, कंबरेवर हात ठेवले आणि मला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं.

"अगो बाय! दर शनवारी येतो आनी दर सोमवारी जातो? तुला तर लॉटरीच लागलीय गो!" मग शेजारच्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "रंजू! इकडं ये, लॉटरी लागलेली बाई बघ!"

शेजारून उंच, सडपातळ, खाकी कपड्यातली एक बाई आली. ती रंजना, हिराताईची धाकटी बहीण. एसटीत कंडक्टर. "ताई, त्यांना सामान तरी लावू दे," ती म्हणाली आणि तिने माझ्या दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं. पुढे कळलं, ही तिची सवय होती. गाडी सोडायची डबल बेल हातात इतकी भिनली होती की बोलणं संपवायचं झालं की रंजना जवळ सापडेल त्यावर दोनदा वाजवायची. पातेलं, भिंत, एकदा तर बोलता बोलता चाळीच्या मालकाच्या हेल्मेटवर. हेल्मेट मालकाच्या डोक्यावर होतं.

"झाली हिची बेल," हिराताई म्हणाली आणि पिशवी उचलून आत गेली.

हिराताई मुरबाडच्या पुढची, टोकावड्याजवळच्या गावातली. विशीही उलटली नव्हती तेव्हा नामदेवभाऊंच्या घरात आली. भात, नाचणी, दोन म्हशी, एक मुलगा. मुलगा आता वाशिंदला कारखान्यात कामाला होता आणि बायकोबरोबर तिथेच राहायचा. महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी हिराताई तांदूळ, कडधान्य, लोणचं असं काहीबाही घेऊन धाकट्या बहिणीकडे यायची ती सोमवारपर्यंत. घरी सांगायची, "रंजू एकटी असते, बघून येते." खरं म्हणजे ती सुट्टीवर यायची.

सुट्टीचे तिचे नियम होते. आली की पंखा पाचवर. मग रंजनाच्या पलंगावर आडवं व्हायचं, पाय भिंतीला वर टेकवायचे आणि डोळे मिटून म्हणायचं, "आता मला कुनी हाक मारायची नाय." स्वयंपाक करायचा नाही. स्टँडसमोरचा वडापाव खायचा, तोही पलंगावरच. सकाळी ऊन खिडकीत येईपर्यंत झोपायचं. आणि रंजनाला महिनाभराच्या गाडीतल्या गोष्टी सांगायला लावायच्या. कोण कुणाशी भांडलं, कोणाची कोंबडी सुटली, कुठला म्हातारा चुकीच्या गावाला उतरून तिथेच जेवून आला. हिराताई मध्येच उठून बसायची. "मंग? मंग काय झालं?" रंजना रंगात आली की दोघींचा आवाज भिंतीतून माझ्याकडे यायचा आणि मी शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासायच्या सोडून ऐकत बसायची.

दर गोष्टीच्या शेवटी हिराताई एक मोठा सुस्कारा सोडायची. "तुझं बरंय गो रंजू."

गंमत म्हणजे रंजना साप्ताहिक सुट्टीला कधी टोकावड्याला जाऊन आली की मला नेमकं हेच सांगायची. "ताईचं बरंय. अंगनात बसलं की चार मानसं येतात. भावजी बोलत नायत, पन बाजूला बसून असतात. तेवढं तरी."

रंजनाचं लग्न का झालं नाही, ही गोष्ट मी हिराताईकडून किमान पाच वेळा ऐकली आणि प्रत्येक वेळी ती थोडी वाढलेली असायची. मुलगा पाहायला आला होता. त्याने विचारलं, गाणं येतं का? रंजनाने एक भजन म्हटलं. म्हणून झाल्यावर ती म्हणाली, "आता तुमी." पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मुलगा सरळ होता, त्याने खरंच सुरुवात केली. पहिल्या आवृत्तीत अंगणातला बोकड ओरडला. दुसऱ्या आवृत्तीत बोकडाने दावं तोडलं. शेवटची मी ऐकली तिच्यात बोकड शेजारच्या गावात सापडला होता. रंजनाला हसू आवरलं नाही, मुलाकडचे चहा न घेता उठले. मग वडील गेले, मग नोकरी लागली, आणि रंजनाच्या शब्दांत सांगायचं तर "मंग टाइमच नाय मिळाला."

"त्याला जरा सुरात गाता आलं असतं," हिराताई म्हणायची, "तर आज हिला नातवंडं असती."

आता वामनमास्तरांबद्दल.

माझी शाळा किन्हवलीच्या अलीकडे. रंजना ज्या दिवशी मुरबाडच्या गाडीवर असेल त्या दिवशी मी तिच्याच गाडीने जायची. एका सकाळी पन्नाशीचे एक गृहस्थ चढले. पांढरा सदरा, डोक्यावर बरेच शिल्लक असलेले केस, आणि कापडात गुंडाळलेली पेटी. ती त्यांनी खिडकीजवळच्या सीटवर ठेवली आणि स्वतः तिच्या शेजारी बसले. मुरबाडचे वामनमास्तर. दिवसा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी भजनात, हळदीत पेटी वाजवायचे. अर्ध्या तालुक्याच्या हळदी त्यांच्या पेटीवर झाल्या होत्या, स्वतःची तेवढी राहिली होती.

रंजना तिकिटं फाडत आली. "ही पेटी सीटवर बसलीय. हिचं तिकीट?"

"बाई, तिला पाय नायत."

"पाय नसतील. बूड तर टेकलंय ना?"

गाडीत खसखस पिकली. मास्तरांनी शांतपणे खिशातून पाकीट काढलं. "बरं. मंग तिचं हाफ द्या."

"हाफ कसं?"

"ती पेटी. बाईमानूस. बायकांना अर्धं तिकीट, सरकारनीच सांगितलंय."

सगळी गाडी हसली. ड्रायव्हरने आरशात पाहिलं. पुढच्या सीटवरच्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "खरं हाय त्यांचं." मी रंजनाकडे पाहत होते. नोकरीच्या एवढ्या वर्षांत तिला निरुत्तर झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिने पेटी उचलली आणि स्वतःच्या, कंडक्टरच्या सीटवर नेऊन ठेवली. "इथं बसेल. फुकट." आणि मुरबाड येईपर्यंत ती उभी राहिली. मी माझ्या थांब्यावर उतरले, उरलेलं मला भाजीवाल्या मावशींनी सांगितलं.

ही गोष्ट हिराताईला मीच सांगितली. तिला ती इतकी आवडली की तिने उशी पोटाशी धरून अंग हलवून हलवून हसून घेतलं, आणि पुढच्या महिन्यापासून आल्या आल्या तिचा पहिला प्रश्न तोच. "पेटीचं काय चाललंय?" आणि पेटीचं बरंच चाललं होतं. मास्तर आता मुरबाडच्या स्टँडवर रंजनाच्या गाडीच्या वेळी चहा घ्यायला यायचे. एकदा त्यांनी विचारलं, तुमची बेल कुठल्या सुरात आहे माहीत आहे का? रंजनाने सांगितलं, माहीत नाही. मास्तर म्हणाले, मी घरी जाऊन पेटीवर बघितलं, काळी चार. हिराताईने हे ऐकून माझा हात दाबला. "बाई, काळी चार म्हंजे काय?" मी म्हटलं, एक सूर असतो. "म्हंजे चांगलं हाय ना?" मी म्हटलं, फारच चांगलं आहे.

ती महिनाभर ह्या गोष्टीवर जगायची. सुनेला फोनवर सांगायची, शेजारणींना सांगायची. त्यामुळे पुढे जे झालं ते आम्हाला कुणालाच अपेक्षित नव्हतं.

दिवाळी झाली होती, भातं झोडून झाली होती. हिराताई पलंगावर शेंगदाणे खात पडली होती. मी रंजनाकडे दही मागायला गेले होते. रंजना ओट्याशी पाठमोरी उभी होती, तशीच म्हणाली, "ताई, मी मास्तरांशी लगीन करनाराय."

शेंगदाणे चावण्याचा आवाज थांबला.

"काय?"

"लगीन. माघात."

मला वाटलं, आता ही उठून नाचणार. हिराताई उठली खरी, पण तिचा चेहरा पडला होता. "लगीन? तू? तुला येड लागलंय काय?"

"तूच तर दर वेळी विचारायचीस..."

"ऐकायला विचारत व्हते! ऐकायला आनी करायला फरक नाय?" तिचा आवाज चढला. "अगो, आख्ख्या सासरात मी तुझी गोष्ट सांगते. सुनेला सांगते, बघ माझी बहीन, स्वताचं कमावते, स्वताच्या मनाची मालकीन. तू पन आता कुनाच्या तरी भाकऱ्या थापनार? आनी मी? मी दर महिन्याला कुठं जाऊ? मास्तराच्या घरी? पावनी म्हनून? तिथं पलंगावर पाय वर करून पडू?"

रंजना वळली. "पाय वर करायला मास्तर नको म्हननारेत काय?"

"मी नाय जानार." हिराताई पुन्हा पलंगावर बसली, मांडी घातली. "तू नाय म्हनत नाय तोवर मी इथून हलत नाय. सांगून ठेवते."

रंजनाने पातेल्यावर दोनदा टकटक केलं. हिराताईने तिला शेंगदाणा फेकून मारला.

लग्नात रुसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण लग्न ठरतानाच नवरीची थोरली बहीण अशी तळ ठोकून रुसलेली ही एकटीच. सोमवार आला आणि गेला. हिराताई गेली नाही. वाशिंदहून मुलाचा फोन आला, "आई, बाबांनी भात करपवला." हिराताई म्हणाली, "मंग पानी जास्त घालायला सांग," आणि फोन ठेवला.

पहिले दोन-तीन दिवस ती फार मजेत होती. मनाला येईल तेव्हा उठायची, स्टँडवर जाऊन चहा प्यायची, गाड्यांचे बोर्ड मोठ्याने वाचायची. एकदा कसाऱ्याच्या गाडीत बसून उगाच कसाऱ्यापर्यंत जाऊन आली. "काय बघितलंत?" मी विचारलं. "कसारा," ती ऐटीत म्हणाली.

मग दिवस लांब व्हायला लागले. रंजना उजाडायच्या आत ड्युटीवर जायची आणि दुपार कलल्यावर यायची. आली की मिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडून गप्प बसायची.

"बोलत का नाय गो?"

"दिवसभर बोलूनच आलेय, ताई."

शनिवारच्या त्या गोष्टी महिनाभर साठवून एका बैठकीत सांगितलेल्या असायच्या, हे हिराताईला पहिल्यांदाच कळत होतं. एकटी बसून करणार काय? तिने माझे डबे घासले. चाळीतल्या सगळ्यांना भाकऱ्या करून दिल्या. चाळमालकाची सासू आणि सून यांच्यातला अबोला मोडून दिला, आणि मग दोघी मिळून मालकाशी भांडायला लागल्या तेव्हा तेही भांडण मिटवलं.

एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि न बोलता जमिनीवर बसली. हिराताई आणि न बोलता! मी गॅस बंद करून समोर बसले.

"बाई," ती म्हणाली, "ती उभ्यानं जेवते."

"कोण?"

"रंजू. ओट्याशी उभी राहून. पातेल्यातून. मी झोपलीय समजून खात व्हती. मी म्हटलं, अगो, ताट घे, बस. तर म्हनते, एकटीसाठी काय ताट मांडायचं, सवय झालीय." हिराताईने पदराने नाक पुसलं. "मी आले की आमी दोघी बसून जेवतो. मला वाटायचं, रोज तशीच जेवते."

थोड्या वेळाने ती उठली. रुसवा मात्र सोडला नाही. रुसवा हा तिच्या शब्दाचा प्रश्न झाला होता.

दरम्यान टोकावड्याकडून वस्तू यायला लागल्या. नामदेवभाऊंना मी तोवर दोन-चारदाच पाहिलं होतं. उंच, वाळलेले, आणि इतके अबोल की त्यांनी नमस्कार केला की तेच भाषण वाटायचं. मोबाइल ते गरम बटाट्यासारखा धरायचे. तेव्हा फोन नाही, निरोप नाही. ते टोकावड्याच्या स्टॉपवर गाडीच्या कंडक्टरकडे पिशवी द्यायचे, ती मुरबाडला रंजनाच्या हातात पडायची. पहिल्या दिवशी हिराताईच्या रोजच्या चपला आल्या. दुसऱ्या दिवशी तिचा चष्मा. मग गोधडी. मग वालाच्या कोवळ्या शेंगा, पिशवीभर.

"हे काय पाठवतात?" रंजना म्हणाली. "घर रिकामं करतायत तुझं?"

हिराताईने शेंगा हुंगल्या. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "पहिला तोडा हाय," ती म्हणाली. "पहिला तोडा मी तोडते."

त्या शेंगा आम्ही तिघी पायरीवर बसून सोलत होतो, त्या वेळचं बोलणं मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

"एक सांग," हिराताई म्हणाली. "तुला सोबत पायजे म्हनून करतेस ना लगीन? म्हातारपनाला?"

"नाय. मला त्यांची मजा वाटते."

"मजा वाटते म्हनून कुनी लगीन करतं?"

"मंग तू कशासाठी केलंस?"

"मला विचारलं व्हतं कुनी!" हिराताई एवढ्या जोरात म्हणाली की हातातली शेंग उडाली. मग जरा थांबून, "पन वाईट नाय गो ते. मी सांगते तेवढे तर मुळीच नायत."

"म्हंजे इतकी वर्सं खोटं सांगत व्हतीस?"

"खोटं कशाला? निवडून सांगत व्हते. तांदूळ निवडतो ना, तसं. तांदूळ घरी ठेवायचे आनी खडे तेवढे तुझ्याकडं आनून टाकायचे. ते नाय सांगितलं कधी, का बाळंतपनात माझं सगळं त्यांनीच केलं. सासू नाव ठेवायची, बायकांची कामं करतो म्हनून. नाय बोलले काय. करत राहिले."

रंजना हसायला लागली. आधी हळू, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "ताई, मी उलटं केलं. मी खडे घरी ठेवले आनी तांदूळ तुला वाढले. तापानं पडले व्हते त्या महिन्यात पन तुला कोंबडीची गोष्ट सांगितली ना?"

"ती कोंबडी खोटी?"

"कोंबडी खरी. मी तेव्हा तापात व्हते, ते नाय सांगितलं."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि मग अशा हसल्या की मांडीवरच्या शेंगा पायरीवर सांडल्या. मीही हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं ते आजही मला नीट सांगता येणार नाही. वीस-पंचवीस वर्षं दोघी एकमेकींच्या घराकडे बघून सुस्कारे टाकत होत्या आणि दोघींनी घराची एकच बाजू पाहिली होती.

"मंग घरी जातेस?" रंजनाने विचारलं.

"नाय," हिराताई म्हणाली. "मी रुसलेय."

रविवारी सकाळी वामनमास्तर आले. थोरल्या बहिणीची परवानगी घ्यायला, पेटीसकट. पेटी कशाला आणली, तर म्हणाले, नुसतं आलो असतो तर हातांचं काय करायचं ते कळलं नसतं. हिराताई पलंगावर मांडी घालून बसली होती, न्यायाधीशासारखी. चाळ दारात जमली.

"भांडी घासता?"

"घासतो, ताई. एकटाच हाय, कोन घासनार?"

"भाकरी?"

"थापता येते. गोल नाय होत."

"लगीन झाल्यावर हिनं नोकरी सोडायची, का?"

मास्तर दचकले. "सोडली तर आमची गाठ कुठं पडायची? मी तर म्हनतो, ही खोली पन ऱ्हाऊ दे. ड्युटी असेल तेव्हा ती इथं, सुट्टीला मुरबाडला. मला यावंसं वाटलं तर मी येईन. तिकीट काढून."

"हे कुनी ठरवलं?"

"मी," रंजना म्हणाली. "कधीच. तू ऐकून घेतलंस काय? शेंगदाने फेकत व्हतीस."

हिराताईने झटक्यात माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत नाशिकचा शनिवार-सोमवारचा हिशेब चमकून गेला. ती काही बोलणार, एवढ्यात दारातली गर्दी बाजूला झाली आणि नामदेवभाऊ आत आले. इस्त्रीचा पांढरा लेंगा-सदरा, तेल लावून चोपलेले केस, आणि काखेत एक मोठा, तांबडा, जिवंत कोंबडा.

नामदेवभाऊंनी सगळ्यांना नमस्कार केला, म्हणजे एका हाताने, कारण दुसऱ्यात कोंबडा होता. मग ते हिराताईसमोर उभे राहिले.

"ह्यो जेवत नाय," ते म्हणाले.

हिराताईने कोंबड्याकडे पाहिलं. कोंबडा चांगला गुबगुबीत होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. गालफडं बसली होती.

"कोंबडा जेवत नाय, का तुमी?"

नामदेवभाऊंनी बराच वेळ विचार केला. "दोघं पन," ते म्हणाले.

चाळमालकाची सासू तोंडावर पदर धरून बाहेर पळाली. हिराताईच्या ओठांचे कोपरे थरथरत होते, पण तिने चेहरा आवळून धरला. "मला हाक मारून सांगा. इतकी वर्सं 'अगो' आनी 'ऐकतेस का' चाललंय. मास्तर बघा, हिला रंजना म्हनतात."

"रंजना," मास्तर उत्साहाने म्हणाले आणि लगेच गप्प झाले.

नामदेवभाऊंनी कोंबडा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. घसा खाकरला. "हिरा," ते म्हणाले, "चल ना." आणि त्यांचा तो उन्हाने रापलेला चेहरा कानांपर्यंत लाल झाला. त्याच क्षणी कोंबडा आरवला, असा खणखणीत, की मास्तरांचा हात आपोआप पेटीकडे गेला.

मग हिराताई फुटली. पलंगावर आडवी पडून, पोट धरून, पाय झाडून हसली. "अवो, पुन्हा म्हना! पुन्हा म्हना एकदा!" भाऊ म्हणेनात. रंजना भिंतीला टेकून हसत होती, मास्तर हसता हसता डोळे पुसत होते आणि कोंबडा सुटून माझ्या खोलीत गेला होता. तो दुपारपर्यंत सापडला नाही. सापडला तेव्हा माझ्या तांदळाच्या डब्यापाशी होता. जेवत.

हिराताई त्याच दिवशी घरी गेली. जाताना तिने रंजनाचे दोन्ही गाल ओढले. "कर लगीन. पन महिन्याचा शेवटचा शनवार माझा. त्या दिवशी मास्तरांनी मुरबाडला मोटारी दुरुस्त करायच्या." मास्तरांनी ते मान्य केलं.

हळद हिराताईच्या अंगणात झाली, नवरा-नवरी दोघांची एकाच मांडवात. तिकडच्या काही म्हाताऱ्यांनी हे कसं म्हणून विचारलं. हिराताई म्हणाली, "दोघांचं वय बघा. आता वेगवेगळ्या मांडवाला टाइम कुठाय?" मास्तरांना हळद लागत होती आणि पेटीवर त्यांचा एक शिष्य बसला होता. शिष्य घाबरला होता, त्यात गुरूचीच हळद. तिसऱ्या गाण्याला तो सूर चुकला. मास्तरांनी डोळे मिटून सहन केलं. पुन्हा चुकला. मास्तर पाटावरून उठले, तसेच, अंगभर हळद, डोक्याला मुंडावळ्या, आणि शिष्याला सरकवून पेटीवर बसले. पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या झाल्या. बायकांनी ओरडायला सुरुवात केली, नवरा पाटावरून उठला म्हणून, पण तोवर रंजनाच गायला लागली होती. भरदार, मोकळा आवाज. गाडीत "पुढं सरका" एवढंच ऐकलेल्या तिच्या सहकाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. नवरी गातेय, नवरा वाजवतोय, आणि हिराताई मध्ये नाचतेय, असं ते अंगण. तिने नामदेवभाऊंनाही ओढलं. त्यांनी हात वर केले, एक पाऊल पुढे टाकलं, एक मागे, पुन्हा एक पुढे. रात्रभर तेवढंच. पण चुकले नाहीत.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि मी नाशिकला गेले. रंजनाचे फोन येतात. खोली अजून तिच्याकडेच आहे, मास्तर येतात, तिकीट काढून. ती आता बसून जेवते का, हे मी विचारलं नाही. तिनेच एकदा सांगितलं की मास्तर फार सावकाश जेवतात, त्यामुळे बसावंच लागतं.

हिराताईला मी शेवटचं पाहिलं ते गेल्या पावसाळ्यानंतर. आम्ही नवरा-बायको गाडीने माळशेजकडे चाललो होतो. टोकावडं मागे टाकलं आणि पुढे एक स्कूटर दिसली, रस्त्याच्या अगदी कडेने, बैलगाडीच्या वेगाने चाललेली. मुलाने घरी आणून ठेवलेली असणार. चालवत होती हिराताई. साडी वर खोचलेली, डोक्याला स्कार्फ, हँडल दोन्ही मुठींत असं धरलेलं, जणू ते पळून जाईल. मागे नामदेवभाऊ. त्यांनी दोन्ही हातांनी तिची कंबर घट्ट धरली होती.

नवऱ्याने हॉर्न दिला. हिराताईने वळून पाहिलं नाही, पाहण्यासारखी परिस्थितीच नव्हती, पण ती मोठ्याने ओरडली, "जागा हाय, जावा पुढं!" आम्ही शेजारून गेलो तेव्हा मी खिडकीतून हाक मारली. तिने ओळखलं. हात हलवायला म्हणून तिने एक हात सोडला, स्कूटर भातखाचराकडे वळली, तिने किंचाळून पुन्हा सरळ केली.

मी मान वळवून बघत राहिले. नामदेवभाऊंनी डोळे गच्च मिटून घेतले होते आणि ते हसत होते.